पश्चिमेच्या दारावरचं घोंगडं

नव्या नवरीचा हात कडीवर होता, आणि दारापलीकडे ती उभी होती.

पडद्यावरच्या त्या हवेलीत वारा सुटला होता. नवरीच्या हातातल्या मेणबत्तीची ज्योत आडवी होत होती. चित्र जुनं होतं, मुकं होतं, आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखड्यांच्या रेघा अशा ओघळत होत्या की हवेलीच्या आतसुद्धा पाऊस पडतोय असं वाटावं. दारापलीकडची बाई पांढऱ्या वस्त्रातली, डोक्यावरचा पदर पार हनुवटीखाली ओढलेला. खेळ सुरू झाल्यापासून ती जिने उतरत होती, दिवे विझवत होती, पण तिचा चेहरा अजून कुणी पाहिला नव्हता. आता ती दार वाजवत होती.

पडद्याशेजारी काठी घेऊन सावळाराम उभा होता. मुक्या चित्राला वाचा देणं हे त्याचं काम. त्यानं आवाज बारीक केला.

"पोरी, दार उघड. मी लई लांबनं आलेय."

गोदामात बसलेला सगळा बाजार गप्प झाला. बाहेर यंत्राला वीज देणारं इंजिन धडधडत होतं तेवढंच. बनाबाई नेहमीच्या जागी, पश्चिमेच्या दाराला पाठ लावून बसली होती. गुडघे पोटाशी, पदर दातात, डोळे टक्क उघडे. थंडीच्या दिवसांत नदीत पाऊल घातलं की गार कळ कशी पोटरीतून वर वर चढते, तसं भय तिच्या अंगात चढत होतं, आणि ते तिला फार गोड लागत होतं. नवरीनं कडी धरली. कडी हलली.

आणि बनाबाईच्या पाठीमागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "वैनी."

ती किंचाळायचीच बाकी होती. मग आवाज ओळखीचा वाटला. तिचा दीर गेणू दाराच्या फटीला तोंड लावून बाहेर उभा होता.

"वैनी, हाईस का आत? फुलीला कळा सुटल्यात. आक्काबाईनं धाडलंय मला. चल बिगीबिगी."

बनाबाई उठली. तिच्या मनात आता हवेली नव्हती, नवरी नव्हती. होती ती डोंगराच्या पदरातली आपली झोपडी, आणि त्या झोपडीतली आपली एकुलती लेक. हात मात्र सवयीनं आपलं काम करून गेला. दर बाजारी खेळ संपला की उठायचं, दारावरचं आपलं घोंगडं खिळ्यावरून ओढायचं आणि खांद्यावर टाकून वाटेला लागायचं, ही त्या हाताची सवय. त्यातून आज तर घोंगडं हवंच होतं. बाळंतिणीचं अंथरूण घरच्या घोंगड्याचं असावं लागतं. तिनं ते ओढलं.

फळ्यांच्या दाराला बोटबोट रुंदीच्या भेगा होत्या. दुपार कलली होती. तिनं दार लोटलं तसं माघाचं पिवळं ऊन, गुरं गोठ्यात शिरावीत तसं, एकदम आत शिरलं आणि समोरच्या पडद्यावर जाऊन पडलं.

पांढरी बाई आधी फिकी झाली. मग तिच्यातून पडद्याची शिवण दिसली. मग ती गेलीच. नवरी गेली, मेणबत्ती गेली, दार गेलं. राहिला तो एक धुवट कापडाचा पडदा, मधोमध ठिगळ लावलेला, उन्हात उभा.

गोदामभर "आरं आरं" झालं. "कोन हाय त्ये? दार लावा की." पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "भूत उनाला भ्यालं रं," आणि हशा पिकला. बनाबाईनं एकदाच वळून पाहिलं. सावळाराम काठी उगारल्यासारखी धरून तसाच उभा होता, तोंड उघडं, पण त्याला बोलायला आता पडद्यावर कुणीच नव्हतं. माफी मागायलाही तिला सवड नव्हती. ती उंबरा ओलांडून पळत सुटली.

*

भोरचं संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या एका सुगीनंतर तांदळाच्या एका रिकाम्या गोदामात सावळारामनं हे सिनेमाचं बस्तान मांडलं होतं. रात्रीचा खेळ भोरकरांसाठी. पण बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली उतरायची. हिर्डोशीकडची, वेळवंडीच्या खोऱ्यातली, पार वेल्ह्याकडचीसुद्धा. त्यांना दिवेलागणीच्या आत घर गाठायचं असायचं. त्यांच्यासाठी तो दुपारचा खेळ लावायचा. नवी बोलकी चित्रं त्याला परवडायची नाहीत, म्हणून दुपारी असायची ती जुनी, पेटीच्या तळाशी पडलेली. त्यात भुताखेतांची फार.

पण दुपारी अंधार आणायचा कुठून? सावळारामनं दारांखिडक्यांवर पोती टांगली. पोतं उजेड गाळतं. पडद्यावर मसणवटीचं चित्र असावं आणि त्यावर उजेडाचे टिपके पडून ते चांदण्या रात्रीच्या यात्रेसारखं दिसावं, असं व्हायचं. भूत आलं की माणसं हसायची.

बनाबाई बाजारात लोणी विकायची, आणि कधी एखादं घोंगडं. लोकर घरच्या मेंढरांची, विणलेलं सनगराकडचं. सावळारामनं तिचं काळंभोर घोंगडं हातात धरून उन्हाकडे केलं, आणि पलीकडचं काहीच दिसेना तेव्हा तो खूश झाला. पोतं उजेड गाळतं, पण घोंगडं उजेड पितं. घोंगडं विकायला ती तयार नव्हती, ते तिच्या अंगावरचं होतं. मग दोघांत ठरलं ते असं, की बाजाराच्या दिवशी खेळापुरतं घोंगडं पश्चिमेच्या दारावर राहील, आणि घोंगड्याशेजारी बनाबाई राहील.

त्या पहिल्या दिवशी ती बसली ती घोंगडं नीट टांगतात की नाही ते पाहायला. इतक्यात अंधार झाला. आणि समोरच्या कापडावर एक मेलेला माणूस पेटीचं झाकण उघडून उठून बसला. बायाबापड्या टोपल्या टाकून पळाल्या. बनाबाई बसून राहिली, कारण घोंगडं टाकून पळायचं कसं? तिच्या काळजाचं पाणी झालं. तो मेलेला माणूस भिंतीवर सावली टाकत आला, आधी सावली, मग तो. लांब लांब नखांचा हात आला. आणि मग ते संपलं. कुणीतरी तिचं घोंगडं बाजूला केलं, ऊन आलं, आणि बनाबाईनं पाहिलं की सगळं जिथल्या तिथं आहे. लोण्याचं मडकं आहे. वहाणा आहेत. बाहेर बाजारात मिरच्यांवरून कुणाचं तरी भांडण चाललं आहे. तिच्या छातीवरून धोंड उतरावी तसं झालं आणि ती एकटीच हसत सुटली.

तेव्हापासून तिला तो नाद लागला. बोलकी चित्रं तिनं एकदोन पाहिली, पण त्यातली भुतं गाणी म्हणायची, ते तिला पटलं नाही. भुतानं कसं गप्प असावं. तिला ती जुनीच आवडायची, चुना फासल्यासारख्या तोंडांची, काजळात बुडालेल्या डोळ्यांची. घरी येऊन ती जात्यावर बसायची तेव्हा पीठ पडता पडता तिच्या तोंडून ओवी निघायची.

*भर दुपारी गं बाई, अंधार म्या पांघरीला,*
*पांढऱ्या भुतणीनं, जिना म्होरं उतरीला.*

वाडीतल्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. जाऊ पारूबाई म्हणायची, लोक देवळात जातात, आमची जाऊबाई मसणात जाती. कोंडिबा, तिचा नवरा, बोलणारा नव्हता. दिवसभर मेंढरांमागे राहून त्याचीही बोली मेंढरांसारखीच थोडकी झाली होती. एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं.

"भ्यायला येवढ्या लांब कशापायी जातीस? हितं काय कमी हाय व्हय?"

बनाबाईनं भाकरी परतली. "हितलं भ्या सरत न्हाई," ती म्हणाली. "तितलं सरतं."

कोंडिबानं मान खाली घातली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. फुलाच्या आधीची आणि फुलाच्या नंतरची त्यांची लेकरं झाडीखाली निजली होती. एकाला ताप, एकाला काय ते कुणाला कळलंच नाही. त्या दिवसांच्या भयाला कुणी दार उघडलं नव्हतं की कुणी घोंगडं बाजूला केलं नव्हतं.

राहिली ती फुला. तिला मात्र आईच्या या गोष्टींचा लहानपणापासून लळा. सिनेमा तिनं एकही पाहिला नव्हता. बाप न्यायचा नाही, पुढं सासरा जाऊ द्यायचा नाही. तिनं पाहिलं ते सगळं आईच्या तोंडून. आई पदर डोक्यावरून ओढून घोगऱ्या आवाजात भुताचं बोलायची, आणि फुला घोंगड्यात शिरून "मंग? मंग काय झालं?" म्हणायची. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली, तीही हीच भूक घेऊन. बनाबाई त्या बाजाराला जाणार नव्हती. पण आक्काबाई सुईण पोट चाचपून म्हणाली होती की होळीशिवाय काही होत नाही, आणि फुलानंच आईला दारापर्यंत लोटलं होतं.

"जा गं आये. नि समदं नीट बघून ये. श्येवट इसरायचा न्हाई."

*

घाटाकडे निघालेल्या कोळशाच्या लॉरीवाल्यानं दोघांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणून सोडलं. तिथून चढण. गेणू पुढं, बनाबाई मागं, खांद्यावर घोंगडं. वाट रोजचीच, पण आज तिला वाटेवरचा प्रत्येक दगड उलटा लावल्यासारखा वाटत होता. आपण पोरीला सोडून भुतं बघायला गेलो. ती पांढरी बाई दारात उभी होती, आणि आपण दार उघडून निघालो. ती आपल्या मागनं तर आली नाही? बनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा सिनेमातलं भय सिनेमाबाहेर आणलं, आणि तिला ते अजिबात गोड लागलं नाही.

वाडीत पोहोचली तेव्हा ऊन तिरपं होऊन अंगणात उतरलं होतं. अंगणात सगळी करडं-कोकरं सुटलेली. वाडग्याचं फाटक सताड उघडं, आणि फाटकाच्या जागी आडवी काठी धरून कोंडिबा स्वतःच उभा होता. तिनं विचारायच्या आत तो म्हणाला, "आक्कानं सोडाया लावलं समदं."

ही त्यांच्याकडची चालच. बाई अडली की घरात बांधलेलं काही ठेवायचं नाही. गाठी सोडायच्या, झाकणं काढायची, कड्या उघडायच्या. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते. पारूबाईनं कणगीचं झाकण काढलं होतं, शिंक्याची दोरी सोडली होती, मडक्यांची तोंडं उघडली होती. फुलाची वेणी सोडून केस मोकळे पसरले होते. दावणीचं सोडलेलं वासरू काय झालं ते न कळून दारातून आत डोकावत होतं.

फुला भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, कपाळ ओलं. आक्काबाईनं बनाबाईकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"आली का सिनेमा बघून. सकाळधरनं पोरगी तुझी वाट बघतीया. कळ येती नि जाती, येती नि जाती. मूल म्होरं सरकंना."

पारूबाई चुलीपाशी पाणी तापवत होती. ती पाण्याकडे बघत म्हणाली की पोटुशी पोर घरात असताना असलं काही बघून येऊ नये, सावली संगं येती. आक्काबाई तिच्यावर खेकसली की सावलीबिवलीचं मग बघू, आधी जाळ घाल. पण बनाबाईला ते लागायचं तिथं लागलंच.

तिनं घोंगडं अंथरलं, लेकीला त्यावर घेतलं, पाठीमागं बसून तिची पाठ आपल्या छातीशी धरली. स्वतःचा अंबाडा सोडला. कनवटीची गाठ सोडली. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचा ताईतसुद्धा सोडून ठेवला. एक कळ आली. फुला आईचा हात पिळत राहिली. कळ ओसरली. काहीच झालं नाही. अशा किती आल्या आणि गेल्या. दारातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, मग उंबऱ्यावर चढलं. फुलाची मान आईच्या खांद्यावर पडायला लागली. डोळे मिटायला लागले, आणि ते बघून आक्काबाईचा चेहरा बदलला. बनाबाईनं तो चेहरा ओळखला. झाडीखालच्या लेकरांच्या वेळी तिनं तो पाहिला होता.

"फुले, निजायचं न्हाई," आक्काबाई म्हणाली. "ए पोरी, डोळं उघड. बने, बोल तिच्याशी. आगं बोल की कायतरी."

बनाबाई नुसती लेकीचे गाल थोपटत राहिली.

आक्काबाईनं घरभर नजर फिरवली. "काय बांधल्यालं ऱ्हायलंय का घरात? नीट बघा. कायतरी अडकल्यालं हाय."

पारूबाई उठली, कोपरे धुंडाळू लागली. सुपलीची दोरी, दिव्याचं टोपण, काही राहिलं नव्हतं. तेवढ्यात फुलाचे ओठ हलले. बनाबाईनं कान लावला.

"आये. सांग की. काय हुतं आज?"

"आगं आता कुठं..."

"सांग."

मग बनाबाईनं सांगायला सुरुवात केली. आधी आवाज फुटकाच होता. एक हवेली हुती. तितं एक नवी नवरी आली. हवेलीत एक पांढरी बाई फिरायची, तोंड झाकल्याली. दिवं इझवत जायची. सांगता सांगता तिचा आवाज जागेवर आला, त्या आवाजाला जात्याची घरघर सापडली. कळ आली की ती थांबायची, लेकीबरोबर श्वास धरायची, आणि कळ गेली की पुन्हा हवेलीत शिरायची. फुलाचे डोळे उघडले. पारूबाई चुलीपाशी पाठमोरी होती, पण तिचाही कान इकडंच होता. आक्काबाई म्हणाली, "हां, आसंच. ठेव जागी तिला."

"मंग ती दाराशी आली. दार वाजवाया लागली. म्हणली, पोरी, दार उघड, म्या लई लांबनं आलीया. नवरीनं कडीवर हात ठिवला."

आणि तिथं बनाबाई थांबली. तिला पुढचं माहीत नव्हतं.

"मंग?" फुला म्हणाली. मोठी कळ येत होती, तिचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणत होतं. "आये, मंग? उघाडलं का दार?"

झोपडीतलं सगळं उघडं होतं. कणगी उघडी, मडकी उघडी, वाडगं उघडं, केस मोकळे. एकच दार बंद राहिलं होतं, आणि ते बनाबाईच्या तोंडात होतं. तिला ते कळलं. उघडलं तर पलीकडे काय आहे? तो पदर वर झाला तर खाली कुणाचा चेहरा आहे? ती बाई कशाला एवढ्या लांबून येते, हे बनाबाईला आपल्या मनाशी ठाऊक होतं. ती आजवर तिच्या घरी येऊनच गेली होती, फुलाच्या आधी आणि फुलाच्या नंतर.

"आये!"

बनाबाईनं उंबऱ्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर ऊन होतं, दुपारी गोदामात शिरलं होतं तसंच पिवळं.

"उघाडलं," ती म्हणाली. "सताड उघाडलं बग दार. नि भायेर ऊन हुतं, फुले. लखलखीत ऊन. ती बाई उनात उभी ऱ्हायली, नि आपली फिकी फिकी व्हत गेली. म्या बगितलं माज्या डोळ्यांनी. ईरून गेली धुक्यावानी. कुनीबी नव्हतं तितं. उगंच एक धुतल्यालं कापाड हुतं."

फुलानं आईचा हात धरून असा जोर केला की बनाबाईच्या मनगटातल्या काचेच्या बांगड्या तडकल्या. आक्काबाई ओरडली, "आलं, आलं, आलं." बाहेरची कोकरंही गप्प झाली. आणि मग ती बारीक, चिरकी, रागावलेली आरोळी आली, की एवढ्या उजेडात मला कुणी आणलं.

"लेक हाय," आक्काबाई म्हणाली आणि तिथंच मागं टेकून बसली. "व्हय गं बये, किती घाबरीवलंस." ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. पारूबाई चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती आणि धूर लई झालाय म्हणत होती. लाकडं तर केव्हाच कोरडी पेटली होती.

बनाबाई हसत होती. हसताना रडत होती. गोदामातून बाहेर आल्यावर छातीवरून जी धोंड उतरायची, ती किती लहान होती ते तिला आज कळलं.

बाहेर दिवेलागण झाली. कोंडिबा अजून फाटकाच्या जागी काठी आडवी धरून उभा होता. बातमी ऐकून त्यानं फक्त विचारलं, "आता बांदू का मेंढरं?"

*

पुढच्या बाजारांना बनाबाई भोरला गेलीच नाही. बाळंतिणीची सेवा होती, बारसं होतं. पण एक लाजही होती. भर खेळात आपण भूत घालवून बसलो. सावळाराम आता दारात उभं करायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. चैत्रात गेली ती लोण्याचा एक गोळा पानात बांधून, त्याला द्यायला. गोदामाच्या दारात सावळाराम पोत्यांशी झटापट करत होता. तिला बघून त्यानं हातातलं पोतं खाली टाकलं.

"बनाबाई, अहो होता कुठं तुम्ही? मी मेलो इथं."

तिनं खाली बघत त्या दिवशीचं सांगितलं. लेकीचं सांगितलं. चुकलं म्हणाली. सावळाराम आधी ऐकत राहिला, मग त्याला हसू आवरेना. तो सांगत सुटला. त्या दिवशी अर्धा बाजार तसाच उठून गेला होता, संपला खेळ असं समजून. आणि पुढच्या बाजाराला वेल्ह्याकडची माणसं मुद्दाम आली, तेच चित्र लाव म्हणून. त्यांच्या गावात बोभाटा झाला होता की भोरला भूत खऱ्या उनात विरघळवून दाखवतात.

"मी खरा शेवट दाखवला तर मारायला उठली माणसं. म्हणाली, हे नव्हं, ते उनाचं दाखव." त्यानं लोण्याचा गोळा घेतला, नाकाशी नेला. "तुम्हाला सांगू का खरा शेवट काय आहे तो?"

बनाबाईनं झटकन कानांवर हात ठेवले. "नगा," ती म्हणाली. "तुमी नगाच सांगू."

तिनं घोंगडं खिळ्यावर चढवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. त्या दिवशी दुसरंच चित्र होतं, वटवाघळांचं. ती पुन्हा पहिल्यासारखी मनापासून भ्याली.

*

अशी वर्षं गेली. एसटी घाटाच्या वाटेला लागली. एका उन्हाळ्यात कोंडिबा गेला, झोपेतच गेला, कुणाला न भिववता. मागं एकट्या गेणूला मेंढरं आवरेनात, ती विकली गेली. घोंगडं राहिलं. त्याच्या कडा झिजल्या होत्या, पण मधला काळेपणा तसाच होता.

मग भोरला पक्कं थेटर उभं राहायला लागलं. विटांच्या भिंती, फट नसलेली दारं, दुपारी काय नि रात्री काय, सारखाच अंधार. सावळाराम तिथं दारावर नोकरीला लागणार होता. त्याचे केस पिकले होते. गोदामातला शेवटचा बाजारचा खेळ ठरला तेव्हा त्यानं गेणूबरोबर निरोप धाडला, की ते हवेलीचं चित्र लावतोय, बनाबाईंनी यावं, त्यांचं बघायचं राहिलंय.

बनाबाई आली ती एकटी नाही. बरोबर फुला होती. सासरा आता थकला होता आणि फुला आता ऐकणारी राहिली नव्हती. आणि फुलाच्या बोटाला धरून तिची बाळी, सगळ्या बाजाराला प्रश्न विचारत आलेली. तिघी पश्चिमेच्या दाराशी बसल्या. बनाबाईनं घोंगडं टांगलं. अंधार झाला. फुलानं आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिलं, जे ती इतकी वर्षं ऐकत आली होती, आणि तिनं आईचा हात धरला, तस्साच, घट्ट.

हवेलीत वारा सुटला. चित्र आता आणखी झिजलं होतं, हवेलीतला पाऊस आणखी जोराचा झाला होता. पांढरी बाई जिने उतरली. दिवे विझले. बाळी आजीच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "मंग गं?"

"बग म्होरं," बनाबाई म्हणाली. "तुज्या आयेच्या मांडीवर बसून बग."

नवरीनं कडीवर हात ठेवला. सावळारामनं आवाज बारीक केला. तेव्हा बनाबाईनं फुलाचा हात हळूच आपल्या हातातून सोडवला, आणि घोंगड्याची कड इतकी थोडी उचलून, की उजेडाचा एक धागाही आत जाऊ नये, ती बाहेर सटकली.

बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि वारा होता. बाजार उठत आला होता. वाऱ्यानं दाराची फळी लोटली आणि घोंगड्याची झिजलेली कड फडफडायला लागली. बनाबाई वळली. तिनं दोन्ही हातांनी ती कड चौकटीशी दाबून धरली, खालचं टोक पायाच्या अंगठ्याखाली घेतलं.

आत सगळं शांत होतं. मग एक किंकाळी आली, बाळीची. मग सगळ्या गोदामाची. मग त्या सगळ्यांतून वर निघत फुलाचं हसू, मोठ्यानं, पोटातून आलेलं.

बनाबाईनं कान दिला नाही. उन्हानं तापलेल्या लोकरीला मेंढरांचा वास सुटला होता. तिनं गाल घोंगड्याला टेकवला आणि आतला अंधार सांडू न देता ती तशीच धरून उभी राहिली.